‘खाण तशी माती’ आणि टीएसएच

तुझा प्रश्न असा: ‘एसवायच्या मानसशास्त्राच्या नोट्समध्ये, जैविक दृष्टिकोनाखाली, लिहिलंय की वर्तनाचं मूळ जनुकं, मेंदू आणि हार्मोन्समध्ये असतं. हल्ली सारखी चिडणारी आमची आजी माझ्याकडे बघून म्हणते, खाण तशी माती. दोन्ही एकच ना? मग माणसाचा स्वतःचा दोष तो काय उरला?’

एकच नाही. आजी म्हणते, जन्मतः ठरलं ते ठरलं. जैविक दृष्टिकोन एवढंच म्हणतो की मनात जे घडतं ते शरीरात घडतं. आणि शरीर बदलतं.

हे मी वर्गात वीसेक वर्षं शिकवलं, पण पटलं ते घरात. आमची आई नारायण पेठेतली, मंडईत भाजीवाल्यांशी हुज्जत घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती हळूहळू गप्प झाली. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची आणि चहावर साय धरली तरी घोट घ्यायची नाही. आम्ही म्हणालो, वय झालं. आत्या म्हणाली, सुनेशी पटत नसेल. (सून म्हणजे माझी बायको, तिने हे अजून विसरलेलं नाही.) शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांची नजर गेली ती आईच्या अंगातल्या स्वेटरवर. पुण्यात, एप्रिलमध्ये! रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, भलतंच वाढलेलं निघालं. याचा अर्थ थायरॉइड मंदावलेली. रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांनी बाईसाहेब पुन्हा कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडायला लागल्या. घर तेच, सून तीच. मानसशास्त्राचा मास्तर घरात असून मला ते दिसलं नव्हतं.

आता जनुकांचं. जुळ्यांचे अभ्यास नीट वाच. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात, तरी त्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच भरतं. इतरांच्या मानाने ते खूप जास्त आहे, पण शंभर टक्के नाही. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार तर याहून बोलका. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं की फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल अंगात साचतं आणि बाळाच्या मेंदूला इजा होते. पण जन्मल्याबरोबर निदान होऊन आहार सांभाळला, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. माती तीच, पीक वेगळं.

दोषाचा प्रश्न मात्र अवघड, तिथे मीही अडखळतो. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात. त्यावरच्या, डोपामाइन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा नाद लागतो, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्यांनासुद्धा. डोस कमी केला की तो अनेकदा सुटतो. बुडालेल्या पैशांचा जाब कोणाला विचारायचा, माणसाला की गोळीला? उलट टोकाचं उदाहरण आपल्याच गावातलं आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्ध ग्राह्य धरला होता. जणू डोक्यात सीसीटीव्हीचं फुटेजच असतं! 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. परीक्षेत जैविक दृष्टिकोनाच्या मर्यादा विचारल्या तर हे लिही, सगळ्यांच्या पेपरात नसेल.

‘सेरोटोनिन (मेंदूतलं आणखी एक रसायन) कमी म्हणून डिप्रेशन’ हे वाक्य मात्र खोडून टाक, प्रकरण इतकं सरळ नाही. आणि मेंदूच्या इजेचं उदाहरण म्हणून फिनिअस गेज हा अमेरिकन रेल्वे कामगार लिहिलास तर अर्धा लिहू नकोस. 1848 मध्ये पहार कवटीतून आरपार गेली, माणूस बदलला, एवढ्यावर सगळे थांबतात. तोच गेज पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हेही लिही.

राहिली आजी. तिचं चिडणं स्वभावावर ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारून टीएसएच तपासून घ्या. आणि ती पूर्ण शाकाहारी असेल तर बी12 पण.