जुन्या ट्रकला बाहेरून एक्झॉस्ट ब्रेक आणून घरीच बसवता येतो का?

तुमची गाडी जुनी १६१३, कंपनीतून एक्झॉस्ट ब्रेक (धुराचा पाइप अडवून इंजिनकडूनच गाडी रोखणारा) आलेला नाही, बाहेरचं किट आणून स्वतः बसवलं तर जमेल का आणि खर्च किती, असं विचारलंय तुम्ही. जमेल. मी २००९ च्या दिवाळीत चिपळूणला घरासमोर गाडी उभी करून दोन दिवसांत बसवलाय. पण एक्झॉस्ट ब्रेक इंजिन खातो असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय म्हणता, म्हणून एवढं लिहायला बसलो. हे वाक्य मी घरात पंधरा वर्षं ऐकतोय.

गाडी दादाची आणि माझी, निम्मी-निम्मी. कराडहून साखर भरायची आणि कुंभार्ली घाटाने खाली यायचं. २००८ चा मे महिना, २०० पोती म्हणजे १० टन. स्टिअरिंगवर दादा, मी शेजारी. हेळवाक मागे पडलं, घाटमाथा आला, तरी दादाने गाडी वरच्याच गिअरमध्ये ठेवली. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं आणि डिझेल जळतं हे त्याचं गणित. अर्धा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला. लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) जळाल्याचा वास आला तसं मी म्हटलं, दादा, बाजूला घे. तो म्हणाला, एवढं वळण जाऊ दे. वळण गेलं आणि ब्रेक धरेना.

या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून मी हवेचा काटा बघितला. हवा पूर्ण होती. गाडीचा ब्रेक फेल झाला म्हटलं की लोकांना वाटतं हवा गेली. हवा जागेवर असते, पेडल जागेवर असतं, गाडी मात्र थांबत नाही. ड्रम तापून फुगलेला असतो, लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, तिथे हवा काय करणार? दादाने खालचा गिअर टाकायला क्लच दाबला, गिअर पडला नाही, गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटारात चाकं घातली आणि दरडीला घासत घासत थांबलो. क्लीनरच्या खांद्याला मार लागला. अकरा पोती फुटली. दादा म्हणाला लायनर हलका होता. मी म्हटलं गिअर चुकला. त्यावर वर्षभर आमच्यात धड बोलणं नव्हतं.

किट आणलं ते मी माझ्या पैशाने. बटरफ्लायचं (धुराचा पाइप बंद करणाऱ्या पाकळीचं) हाऊसिंग, ती फिरवायला छोटा एअर सिलिंडर, डिझेल पंपाचा स्टॉप लिव्हर (डिझेल बंद करणारा) ओढायला दुसरा त्याहून छोटा सिलिंडर, आणि केबिनच्या फरशीवर बसणारा पायाचा व्हॉल्व्ह. हाऊसिंग टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या अलीकडे, जितकं टर्बोजवळ बसेल तितकं चांगलं, कारण मधला पाइप छोटा असला की दाब लवकर चढतो. पण त्याचं वजन टर्बोवर लटकवू नका. चेसिसला किंवा गिअरबॉक्सला वेगळा ब्रॅकेट घ्या, नाहीतर फ्लँजला चीर जाते. पायाचा व्हॉल्व्ह क्लचशेजारी, डाव्या टाचेखाली येईल असा बसवा. क्लच दाबायला पाय उचलला की एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सुटला पाहिजे. तो दाबलेला असताना क्लच दाबला तर डिझेल बंद असल्यामुळे इंजिनच बंद पडतं, आणि घाटात पॉवर स्टिअरिंग जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

आता माझी चूक. हवा मी सर्व्हिस ब्रेकच्या टाकीवरून टी टाकून घेतली, आणि नायलॉनची नळी सायलेन्सरजवळून नेली. तिसऱ्या खेपेला घाटातच नळी वितळली. बझर वाजला, हवा उतरली, मागचे स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की आपोआप लागणारे) धरले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध दीड तास उभी. दादा शेजारीच होता. ‘तुझ्या खेळण्याने गाडी उभी केली’ हे तो आजही चार माणसांत सांगतो. ती चूक माझी होती आणि ती मी तेव्हाच कबूल केली. पण चूक नळीची होती, एक्झॉस्ट ब्रेकची नव्हती. तुम्ही हवा प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या (हवेच्या लाइनी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणाऱ्या) जादा सर्किटवरूनच घ्या, म्हणजे तिकडे गळती झाली तरी ब्रेकच्या टाक्या वाचतात. तापणाऱ्या भागात धातूची नळी, सिलिंडरपाशी शेवटचा वीतभर तुकडा स्टीलच्या जाळीचा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

नळी बदलल्यावर भरलेली गाडी मी स्वतः उतरवली, घाट ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये. पोफळीला थांबलो आणि दादाला मागच्या ड्रमवर हात ठेवायला लावला. हात ठेवता येत होता. तो काही बोलला नाही, चहा सांगायला गेला.

इंजिन खातो म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे, बटरफ्लायच्या पाकळीतलं भोक कुणी बुजवलं? त्या भोकामुळे मागचा दाब ठरावीक मर्यादेत राहतो. जास्त ब्रेक मिळावा म्हणून ते वेल्डिंगने बंद केलं की दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला भारी पडतो, व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतो आणि पिस्टनला लागतो. असं इंजिन फुटतंच. आमची गाडी पुढे सहा वर्षं चालली, हेड उघडलं नाही. आधी वर्षात दोनदा लायनर बदलायचो, नंतर दीड वर्षाने एकदा.

आणि डिझेलचं दादाचं गणित साफ चुकीचं. गिअरमध्ये गाडी उतरत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रल मारणारा डिझेलही घालवतो आणि ब्रेकही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर इतकी वर्षं माणसं मरतायत, तरी न्यूट्रल मारणारे शहाणे संपत नाहीत. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक काहीच करत नाही, हेही त्यांना कुणी सांगत नाही.

हे सगळं यांत्रिक पंपाच्या गाडीचं आहे. ईसीयूवाल्या (इंजिन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) गाडीला, त्यातही बीएस-६ ला, असलं काही जोडू नका. रिकाम्या गाडीत पावसात हा ब्रेक जपून वापरा, तो फक्त मागच्या चालत्या चाकांना धरतो आणि मागची बाजू सरकते. बसवण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.

खर्चाचे माझे आकडे २००९ चे, तुमच्या उपयोगाचे नाहीत. फक्त त्यात वेल्डरची मजुरी आणि चारही ड्रमचे नवे लायनर धरा. झिजलेल्या लायनरवर एक्झॉस्ट ब्रेकच्या भरवशाने घाट उतरू नका.