मळ असता तर गेला असता

"पाठीवर पुळ्या आहेत" हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं पहिल्या भेटीत क्वचितच बोलतात. झोप लागत नाही, लोकांत जावंसं वाटत नाही, लग्न ठरलंय पण धास्ती वाटते, अशा आडवाटांनी ती तिथवर येतात. त्यात कॉलेजातली मुलं असतात, तशी चाळिशीतली माणसंही. आणि पुढचं वाक्य हमखास तेच: "मी स्वच्छता पाळतो हो, तरीसुद्धा!" इतक्यांदा ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

त्याला निखिल म्हणू. नाव आणि तपशील बदलले आहेत. वय विशीतलं. पूर्वी रोज पोहायचा, आता बंद.

"का सोडलंस?"

"वेळ नाही मिळत, मॅडम."

बऱ्याच भेटींनंतर खरं कारण आलं. "शर्ट काढावा लागतो."

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. दिवसातून तीनदा आंघोळ. खरखरीत घासणीनं पाठ लाल होईस्तोवर घासायची. रात्री आरशाकडे पाठ करून मोबाइलवर फोटो काढायचा आणि कालच्या फोटोशी ताडून बघायचा.

"किती घासलं तरी जातच नाही," तो वैतागून म्हणाला.

"निखिल, मळ असता तर एवढ्यानं गेला असता ना?"

तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं घाई केली की हाती आलेलं निसटतं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "म्हणजे मी घाणेरडा नाही?"

सगळी गाठ इथे होती. पुळ्यांपेक्षा त्यांचा त्यानं लावलेला अर्थ त्याला जास्त छळत होता. माझ्या कामाचा पायाच हा आहे: माणूस स्वतःबद्दल काय धरून बसलाय ते आधी ऐकायचं. मळाचा तो प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता, पण इतक्या वर्षांच्या ऐकण्यातूनच तो आला, याचं मला समाधान आहे.

खरं कारण त्वचेच्या आत असतं. पाठीवर तैलग्रंथी भरपूर. केसांच्या मुळाशी तेल आणि मृत पेशी अडकतात, जिवाणू वाढतात, सूज येते. वयात येताना संप्रेरकांमुळे तेल वाढतं, आनुवंशिकताही असते. घासण्यानं सूज वाढते आणि मागे राहणारे डाग गडद होतात. घट्ट कपडे आणि पाठीवरच्या सॅकचं घर्षणही त्रास वाढवतं.

म्हणून घासणी आधी बंद. घाम आल्यावर लवकर आंघोळ, सौम्य साबण, तोही हातानं. केसांचं कंडिशनर धुऊन झाल्यावर पाठ शेवटी धुवावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड या पुळ्यांवरच्या औषधाचा वॉश काही मिनिटं ठेवून धुतात. त्यानं टॉवेलचा आणि कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरा टॉवेल बरा. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. रोजचा फोटो म्हणूनच घातक: जे महिन्यांनी बदलणार ते रोज तपासलं, तर माणूस रोज हरतो. आम्ही महिन्यातून एक फोटो ठरवला.

दुखऱ्या गाठी असतील, व्रण राहत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यात दिवस घालवू नका. पाठीवरचे व्रण कधी कधी फुगून वर येतात. खाजणाऱ्या, एकसारख्या बारीक पुळ्या बुरशीच्याही असू शकतात आणि त्यांचं औषध वेगळं. कुणीतरी सुचवलेलं स्टिरॉइडचं मलम तर नकोच, त्यानंही पुळ्या येतात. तीव्र पुळ्यांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. गरोदरपणात त्या अजिबात चालत नाहीत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. नैराश्याचा त्रास कधी झाला असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. ही गोष्ट लोक लपवतात, म्हणून मी मुद्दाम आठवण करून देते.

निखिलची आणखी एक भीती होती: "कुणी विचारलं तर?" आम्ही उत्तर तयार केलं, तो ते मोठ्यानं म्हणून बघायचा. आधी टी-शर्ट घालून तो तलावाच्या काठावर बसून आला. पुढे कधीतरी पाण्यात उतरला. एका मित्रानं विचारलंच, "पाठीला काय झालंय रे?"

"पुळ्या आहेत. औषध चालू आहे."

"बरं," मित्र म्हणाला आणि पलीकडच्या काठापर्यंत शर्यत लावायची का, असं विचारू लागला.