46 ची लादी 135 ला पडते

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यात चरईला 1988 च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर 420 चौ. फूट कार्पेटचा वन बीएचके घेतलाय, लिफ्ट नाही, खाली जुनी मोझॅकची लादी आहे. दीड-दोन लाखांत लादी, रंग, ओटा, बाथरूम सगळं बसवायचंय, तर स्वस्तात चांगली टाईल कोणती?

मी यातली जाणकार वगैरे नाही. नोकरी हिशोबाची. पण दोन घरं उभं राहून करून घेतली आहेत, कळव्याचं आमचं आणि नेरूळचं सासूबाईंचं सिडकोचं. पहिल्या घरात केलेल्या चुका दुसऱ्या घरात टाळल्या, एवढंच माझं भांडवल.

टाईलच्या आधी एक काम करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून विचारा की रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय. चरई-नौपाड्यात त्या वयाच्या इमारतीत हा विषय निघाला नाही असं सहसा होत नाही. 30 वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून मजबुतीची तपासणी, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी करायचं असतं. शेवटचं कधी झालं आणि त्यात काय लिहिलंय तेही बघा. तीन-चार वर्षांत घर खाली करायची वेळ येणार असेल तर लादीवर एक रुपयाही घालू नका. रंग लावा, बाथरूमची गळती थांबवा आणि राहायला जा. आमच्या ओळखीत एकांनी हौसेने सगळ्या घरात 4 बाय 2 च्या टाईल्स बसवल्या आणि दीड वर्षात बिल्डरचं भाडं घेऊन दुसरीकडे राहायला गेले.

इमारत अजून दहा-पंधरा वर्षं जागेवर असणार असं धरून पुढचं लिहिते.

दुकानात आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "काय भाव?" मीही तेच केलं. कळव्याच्या घरासाठी घोडबंदर रोडच्या दुकानांतून दोन रविवार फिरून 46 रुपये फुटाची, म्हणजे चौरस फुटाची, 2 बाय 2 विट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली टाईल) ठरवली आणि घरी येऊन आमच्या 380 फुटांचे 380 गुणिले 46 करून मोकळी झाले. 2018 सालचं माझ्या वहीतलं खरं बिल असं होतं. लादी 27 बॉक्स, 19,250. जुनी लादी फोडणं आणि राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, गोण्यांत भरून खाली नेऊन टेम्पोने हलवणं, 9,000. रेती-सिमेंट 8,500. मिस्त्रीची मजुरी 28 रुपये फुटाने 10,640. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची टाईलची पट्टी, 1,800. बॉक्स वर चढवायची हमाली 2,200. बेरीज 51,390, म्हणजे फुटाला 135 रुपये. आज आकडे वाढलेले असतील, पण प्रमाण फारसं बदलत नाही. मी 46 ऐवजी 36 ची लादी घेतली असती तर वाचले असते जेमतेम चार हजार. त्या दहा रुपयांसाठी मी दोन रविवार घालवले आणि मिस्त्री मात्र पहिला भेटला तो ठरवला!

म्हणून मिस्त्रीशी बोलताना "बसवून, राबिट उचलून, स्कर्टिंगसकट फुटाला किती" असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. नुसत्या मजुरीचा भाव सांगणारा माणूस पुढे प्रत्येक गोष्टीला "ते वेगळं, ताई" म्हणतो.

बॉक्सचा हिशोबही इथेच सांगते. 2 बाय 2 म्हणून विकतात ती टाईल असते 600 मिलिमीटरची, म्हणजे 24 इंचांना थोडी कमी. चार टाईल्सच्या बॉक्समध्ये 16 नाही, साडेपंधरा फूट येतात. दुकानदार तोंडी हिशोबात 16 धरतो, मग शेवटच्या कोपऱ्यात माल कमी पडतो आणि त्याच बॅचचा बॉक्स मिळत नाही. शेड नंबर आणि बॅच प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. उतरवून घेताना सगळी खोकी तपासा, बॅच बदलली की शेजारी शेजारी बसवल्यावर पट्टा दिसतो. तुटफुटीला आठ-दहा टक्के जास्त धरा. पक्कं बिल घ्या. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला की न फोडलेले बॉक्स परत करताना दुकानदार ओळख दाखवत नाही. आणि पाच-सहा टाईल्स पलंगाखाली ठेवाच. आमच्या बाथरूममध्ये पुढे प्लंबरने दोन टाईल्स फोडल्या, ते डिझाईन कंपनीने बंद केलं होतं. आज तिथे दोन पांढरे चौकोन आहेत, दात पडल्यासारखे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या घरात मोझॅक आहे असं तुम्हीच लिहिलंय. ती फोडायचीच कशाला?

नेरूळच्या घरात सासूबाईंची लादी काळपट, ठिकठिकाणी पिवळी पडलेली. सगळ्यांनी "काढून टाका" म्हटलं. कळव्याचं बिल डोळ्यासमोर असल्यामुळे मी आधी पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने दिवाण सरकवला आणि खालची लादी ओल्या फडक्याने पुसली. तिथे रंग जिवंत होता, हिरवट सिमेंटमध्ये पांढरे आणि विटकरी संगमरवराचे खडे. मग त्याने रुपयाचं नाणं घेऊन खोलीभर टक टक केलं. दोनच लाद्या पोकळ वाजल्या, म्हणजे खालून सुटलेल्या. "माल चांगला आहे," म्हणाला, "असा आता मिळत नाही." प्रत्येक पॉलिशवाला हे म्हणत असणार, पण तो खरं बोलत होता.

काम तीन दिवस चाललं. पहिला कट जाड दगडाचा, तो वरचा मळ आणि डाग खरवडून काढतो. मग खड्डे आणि बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरून एक दिवस सोडून दिलं. नंतर 120, 240 नंबरचे असे बारीक होत जाणारे दगड आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून चमक. घरभर राखाडी चिखल होतो, त्याची मनाची तयारी ठेवा. हा चिखल नहाणीच्या जाळीत ओतू द्यायचा नाही. तो आत जाऊन सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि सगळ्या मजल्यांची लाईन तुंबते. आम्ही बादलीत भरून, निवळून, खालचा गाळ गोणीत घातला. भिंतींना खालून फूटभर शिंतोडे उडतात, म्हणून पॉलिश रंगाच्या आधी. भाव 30 रुपये फूट, 340 फुटांचे 10,200. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपण घर घेतलं तेव्हाची लादी!"

अर्थात प्रत्येक मोझॅक वाचत नाही. निम्म्या लाद्या पोकळ वाजत असतील, खोलीत मधोमध चीर गेली असेल, किंवा वरचा खड्यांचा थरच झिजला असेल, तर पॉलिशचे पैसे वाया जातील. नाणं घेऊन अर्धा तास घालवा, कळेल.

जुन्या लादीवर नवी बसवायचा पर्याय मिस्त्री हमखास सुचवेल. फोडायला नको, धूळ नाही, राबिट नाही. होतं ते, पण तीन गोष्टी बघा. विट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही आणि खाली गुळगुळीत जुनी लादी, त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाने ती धरत नाही. टाईल ॲडेसिव्हच लागतं, आणि तेही दातेरी थापीने सगळीकडे सारखं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाईल दाबणारा मिस्त्री दिसला तर काम थांबवा. मधे पोकळी राहते आणि जड वस्तू पडली की टाईल तडकते. दुसरं, जमीन अर्ध्या इंचाने वर येते, सगळी दारं खालून तासावी लागतात. तिसरं वजन. बॉक्स साधारण 29 किलोचा असतो. तुमच्या घराला 28-29 बॉक्स आणि ॲडेसिव्ह धरा, म्हणजे टनभर नवा भार तिसऱ्या मजल्याच्या जुन्या स्लॅबवर. स्लॅबच्या सळ्या दिसत असतील, पोपडे पडत असतील तर हे करू नका, आणि शंका असेल तर ऑडिट केलेल्या इंजिनियरला विचारून घ्या.

नवी टाईल घ्यायचीच ठरली तर फार चकचकीत घेऊ नका. कळव्याला आम्ही आरशासारखी पांढरी घेतली. दुकानातल्या दिव्यांखाली ती राजवाड्यासारखी दिसते. घरात ओल्या पायांचे ठसे, केस, जून महिन्यात छत्रीचं ओघळणारं पाणी, सगळं तिच्यावर दिसतं, आणि सासरे एकदा घसरलेही. थोडी ठिपक्या-ठिपक्यांची बदामी किंवा राखाडी, साटिन किंवा मॅट, ही संसाराची लादी. एक नमुना घरी आणून ट्यूबलाईटखाली ठेवा, पाणी ओतून अनवाणी पाय फिरवून बघा. लॅमिनेटच्या लाकडी जमिनीचा विचार मात्र सोडून द्या. आपण रोज बादलीभर पाण्याने लादी पुसणारी माणसं, त्यात खाडीकाठची दमट हवा. सांध्यांतून पाणी जाऊन ती फुगते. कोटा दगडाची फरशी टिकाऊ आणि थंड, पण दर काही वर्षांनी पॉलिश मागते. संगमरवर आणि कोटा दोघांनाही आंबट सोसत नाही, आमसुलाचं पाणी सांडलं की चमक जाऊन डाग कायमचा. म्हणून ओट्याला काळा ग्रॅनाइट. आतल्या उभ्या फळ्या कडप्प्याच्या, वर ग्रॅनाइट, पुढे साधं हाफ राउंड मोल्डिंग, म्हणजे अर्धगोल घासलेली कड. ओट्यामागे भिंतीला दोन फूट उंच टाईल, म्हणजे डॅडो, पुरतो, छतापर्यंत टाईल लावायला तिथे कोणी फोडण्या उडवत नाही.

वाचवलेले पैसे बाथरूममध्ये घाला. कळव्याला माझी सगळ्यात महाग चूक तीच. कंत्राटदाराने वॉटरप्रूफिंग "करतो" म्हणून वरवर केलं आणि उतार उलटा दिला. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायचं. पाच महिन्यांत खालच्या काकूंच्या देवघरावर डाग. पुन्हा फोडलं, पुन्हा खर्च, आणि काकू अजून जिन्यात भेटल्या की वर बघतात. नेरूळला मी लादी लावायच्या आधी पाण्याची परीक्षा घेतली. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भोकाचं, तोंड बंद करून चार इंच पाणी भरलं, पातळीची खूण केली, 48 तास तसंच ठेवलं आणि खालच्या घरी जाऊन छत बघून आले. मगच टाईल. उतार फुटाला पाव इंच, आणि तो नुसता डोळ्यांनी नाही, बादली ओतून तपासायचा. जमिनीला 1 बाय 1 ची खरखरीत अँटिस्किड, लहान टाईलला उतार नीट देता येतो. ती ॲसिडने धुऊ नका, सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं.

रंगाचं थोडक्यात. ओल असलेल्या भिंतीवर ऑइलपेंट फासून ओल लपवायला जाऊ नका, पुढच्या पावसात फुगे येतात. आधी ओलीचं कारण शोधा, बहुतेक वेळा ते बाहेरच्या भिंतीची चीर किंवा शेजारच्या बाथरूमची लाईन असते. लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, सगळीकडे दोन हात नको, जिथे भिंत खडबडीत आहे तिथेच. छताला साधा पांढरा डिस्टेंपर, भिंतींना धुता येणारा प्लास्टिक पेंट. आणि हे सगळं दिवाळी ते मे या काळात. जुलैत भिंत वाळतच नाही, पेंटर मात्र "वाळली" म्हणतो.

तुमच्या बजेटचं म्हणाल तर मोझॅक वाचली असं धरून पॉलिशला 13-15 हजार जातील. उरलेल्यात बाथरूम नीट, ओटा, रंग आणि वायरिंगची किरकोळ दुरुस्ती बसवायचा प्रयत्न करता येईल. नाणं वाजवून झालं की किती लाद्या पोकळ निघाल्या आणि बाथरूमच्या खालच्या घराच्या छताला डाग आहे का, ते इथेच खाली लिहा, मग पुढचा आकडा मांडून देते.