जुन्या ऑर्गनची घरगुती दुरुस्ती

प्रश्न: जुना ट्रान्झिस्टर ऑर्गन चालू केला की सतत हम (घुमल्यासारखा आवाज) येतो आणि एक सूर कुठल्याच सप्तकात वाजत नाही, काय करू?

उत्तर: हम बहुतेक पॉवर सप्लायमधल्या सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे (वीज साठवणारा भाग) असतो, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा टाका, पण आधी प्लग काढून जुन्या कपॅसिटरला रेझिस्टर लावून तो डिस्चार्ज करा, म्हणजे साठलेली वीज काढून टाका, हे विसरू नकाच! सुराचं म्हणाल तर अशा बऱ्याच ऑर्गनमध्ये १२ सुरांचे १२ ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किट) असतात, खालची सप्तकं फ्रिक्वेन्सी निम्मी करत मिळतात, म्हणजे ४४० हर्ट्झवरून २२० मग ११०. तुमचा सूर सगळीकडेच गप्प, म्हणजे तो ऑसिलेटरच तपासा. फक्त खालची सप्तकं गेली असती तर डिव्हायडर, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी करणारं सर्किट, तपासायचं. आणि प्लीज, एवढं छान वाद्य भंगारात देऊ नका.