जुन्या मुंबईतल्या पोलीस ठाण्यात साध्या शिपायाचं रोजचं आयुष्य कसं असायचं?

पोलिसांच्या इतिहासात साधा शिपाई सापडत नाही, असं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मुंबई पोलिसांचा इतिहास वाचायला घेतला की 1864 साली पहिले पोलीस कमिशनर झालेले फ्रँक सुटर भेटतात, क्रॉफर्ड मार्केटसमोरची मुख्यालयाची दगडी इमारत भेटते, पण शिपाई कुठे दिसत नाही. माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झाले आणि मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो, म्हणून घरापासूनच सांगतो.

या चाळी 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. पोलिसांची कितीतरी कुटुंबं त्यांत राहायची. रात्री दोनला दार वाजलं की आई न विचारता दिवा लावायची, कारण बोलावणं ठाण्याचंच असणार. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यातलं 28 वं कलमच सांगतं, की पोलीस कायम कामावर आहे असं समजायचं. त्या कलमात आम्ही सगळे राहत होतो असं मला आजही वाटतं.

वडील निघायच्या आधी पट्ट्याचं पितळी बक्कल ब्रासो लावून घासायचे. ते काम पुढे माझ्याकडे आलं. हजेरीला बक्कल काळं दिसलं तर बोलणी खावी लागत. त्यांच्या सुरुवातीच्या काळात गणवेश निळा होता, हाफ पँट आणि पिवळी टोपी. पावसाळ्यात ते डब्यासोबत कोरडे मोजे न्यायचे.

ठाण्याचा प्राण म्हणजे स्टेशन डायरी. कोण किती वाजता गस्तीला गेलं, कोणाला आणलं, कोठडीत कोण आहे, सगळं ठाणे अंमलदार वेळेसकट लिहून ठेवायचा. वडिलांचं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडायचं. पाळी संपली तरी मुद्देमालाची नोंद पुरी झाल्याशिवाय ते उठत नसत. अनंत चतुर्दशीला ते घरी असल्याचं मला एकदाही आठवत नाही. आमच्या गणपतीचं विसर्जन काका करायचे आणि वडील दुसऱ्याच कुठल्या चौपाटीवर बंदोबस्ताला असायचे.

हे सगळं साचत गेलं आणि ऑगस्ट 1982 मध्ये शिपाई रस्त्यावर उतरले. शहरात लष्कर बोलवावं लागलं, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. चाळीत कित्येक दिवस मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. आठ तासांची पाळी प्रयोग म्हणून देवनार ठाण्यात सुरू झाली ती थेट 2016 मध्ये, आणि तीही एका शिपायानेच आखून दिलेली.

तुम्ही यावर लिहिणार असाल तर रिटायर झालेल्या हवालदारांना आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बायकांना आत्ताच भेटा. पुनर्विकासात जुन्या चाळी पाडल्या जातायत आणि माणसं वेगवेगळीकडे पांगतायत.