सरकारी वकील आपला की त्यांचा?

प्रश्न : माझा भाऊ चोरीच्या आरोपावरून आर्थर रोड तुरुंगात आहे. मी लालबागला पोळ्या लाटते. एका वकिलाने जामिनाआधीच तीस हजार मागितले. सरकारी वकील घेतला तर तो पोलिसांचीच बाजू घेणार ना?

उत्तर : ताई, गोंधळ नावाचा आहे. 'सरकारी वकील' आरोप सिद्ध करायला उभा राहतो. तुम्हाला हवा तो विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे गरजूंना वकील देणाऱ्या सरकारी संस्थेचा, फुकट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला तो मिळतोच, उत्पन्नाचा दाखला नको. भावाने तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज द्यावा किंवा तारखेला न्यायाधीशांना सरळ सांगावं, 'साहेब, वकील नाही.' तुम्ही विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत पगारी 'लोकअभिरक्षक', म्हणजे आरोपीची बाजू लढवणारे प्राधिकरणाचे वकील, आलेत. माझ्या वकिलीच्या उमेदवारीत असे असते तर! प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.