"आईला किती मेसेज पाठवले, तरी ती जात नाही"

हे वाक्य मी इतक्या लेकींकडून ऐकलं आहे की पुढचंही आता मलाच म्हणता येतं: "मॅडम, स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीचं सगळं पाठवते. आई वाचते आणि गप्प बसते. तुम्हीच समजवा."

डिचोलीकडच्या एका काकींचं सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय 54, तब्येत ठणठणीत. लेक पणजीत नोकरीला. तिचे मेसेज मी पाहिले: टक्कल पडलेली बाई, काळा पडदा, खाली लाल अक्षरांत 'उशीर कराल तर पस्तावाल'. काकींनी सगळे पुसून टाकले होते. तपासणीचं विचारलं की भाताची लावणी आटपू दे, मग गणपतीची चवथ होऊ दे, मग तुळशीचं लग्न.

पहिल्या दोन भेटींत मीही तेच केलं, फक्त गोड आवाजात. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीतला आकडा सांगितला: देशात 30 ते 49 वयाच्या बायकांत स्तनतपासणी एकदा तरी करून घेतलेल्या शंभरात एकही भरत नाही. काकी म्हणाल्या, "मग मी काय जगावेगळी? कोणीच जात नाही ना!" आकडा माझ्यावरच उलटला. तेव्हापासून तो मी कुणाला ऐकवत नाही.

तिसऱ्या भेटीत मी गप्प बसायचं ठरवलं. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, "बाय, कॅन्सर झाला तर काय होईल ते तुम्ही सगळी सांगता. तिथं गेल्यावर काय करतात, ते कोण सांगणार?"

इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हा प्रश्न मला सुचला नव्हता! मग बांध फुटला. तपासणारा पुरुष असेल का? ब्लाउज काढावा लागतो? काही लागलं हाताला, तर त्याच दिवशी कापतात? आणि अगदी हळू आवाजात: लेकीचं लग्न ठरायचंय, गावात कळलं तर?

माणसाची भीती खोदत बसण्यापेक्षा त्याचं पुढचं पाऊल लहान करावं, या मताची मी आहे. त्या दिवशी आम्ही फक्त पावलं मोजली. आधी फोन करून बाईच तपासेल ना, हे विचारता येतं. ब्लाउज काढावा लागतो, आडोसा मागता येतो. हाताने तपासायला काही मिनिटं. गाठ लागली तर पुढच्या तपासण्या, कापाकापी नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. "हातानं चाचपून काय कळणार?" याला मुंबईचं उत्तर होतं: टाटा रुग्णालयाने दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू इतरांपेक्षा जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. निकाल कुणाला सांगायचा ते तुम्हीच ठरवायचं, एवढंच म्हटलं.

लेकींनो, भीतीचा मेसेज पाठवायचाच असेल तर त्याच्या खाली जागा, वार, वेळ आणि 'मी सोबत येते' एवढं लिहा. नाहीतर आई भीतीलाच पुसून टाकते, आणि तपासणीही तिच्यासोबत जाते. मात्र गाठ आधीच जाणवत असेल, तर तपासणीच्या शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरकडे.

काकी तुळशीच्या लग्नाआधीच जाऊन आल्या. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं: 'मी तपासून आले. बाई डॉक्टर होती. ब्लाउज काढावा लागतो. दहा मिनिटं. बुधवारी कोणाला यायचं असेल तर मी येते सोबत.'

लेकीने मला तो मेसेज दाखवला, जरा नाराजीनेच. "यात कॅन्सर हा शब्दच नाही, मॅडम."

काकी म्हणाल्या, "तो तू पाठवलास की पंचवीस वेळा."